नकारपत्राची तारीख आणि रद्दीत गेलेले पाकीट

मुंबईच्या पूर्व उपनगरातून आलेल्या एका पत्राला हे उत्तर आहे. पत्रलेखकांनी आणि त्यांच्या पत्नीने एका सहकारी गृहनिर्माण संस्थेतील जुनी सदनिका मूळ सदस्याकडून विकत घेतली. मुद्रांक शुल्क भरून करारनाम्याची नोंदणी झाली आणि बँकेचे हप्तेही सुरू झाले. सदस्यत्वाचा अर्ज त्यांनी 3 मार्चला सचिवांच्या घरी नेऊन दिला आणि सोबत 25,600 रुपयांचा धनादेश दिला. सचिवांनी चहा दिला, पोच दिली नाही. पुढे जिन्यात गाठून ‘तुमच्याकडे काय काय शिजते’ अशी विचारपूस झाली, आणि 19 जूनला एक पत्र हाती पडले. त्या पत्रावर 28 मे ही तारीख असून मजकूर असा आहे की, 20 एप्रिलच्या समिती सभेत अर्ज नामंजूर झाला, कारण सर्वसाधारण सभेच्या एका जुन्या ठरावाप्रमाणे सदनिका शाकाहारी कुटुंबांनाच देता येते; अर्जदारांनी घरात मांसाहार करणार नाही असे हमीपत्र दिल्यास फेरविचार होईल. पत्रलेखक सध्या डोंबिवलीत भाड्याच्या घरात राहून भाडे आणि हप्ता दोन्ही भरत आहेत. हा नकार कायद्यात बसतो का आणि हमीपत्र देऊन विषय मिटवावा का, असे त्यांनी विचारले आहे.

या मजकुराची पत्रे मला नेहमी येतात. कधी नकार आहारावरून असतो, कधी आडनावावरून, कधी धर्मावरून, तर कधी बाई एकटी राहणार म्हणून. म्हणून राज्यघटनेतील समतेची कलमे मी येथे उतरवून काढत नाही. ती तुम्हाला माहीत आहेत आणि तुमच्या सचिवांनाही माहीत आहेत. तुमचे प्रकरण त्या कलमांवर ठरणारही नाही. संस्थेने आपला निर्णय तुम्हाला नेमका कोणत्या दिवशी कळवला, या एका प्रश्नावर ते ठरेल.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 22(2) प्रमाणे सदस्यत्व नाकारण्याचा निर्णय कारणांसह, निर्णयापासून 15 दिवसांत किंवा अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत, यांपैकी जे आधी येईल त्या मुदतीत अर्जदाराला कळवावा लागतो. तीन महिन्यांत संस्थेने काहीच कळवले नाही, तर अर्जदार आपोआप सदस्य झाला असे कायदा मानतो. यालाच मानीव सदस्यत्व म्हणतात. येथे पुष्कळांची एक गल्लत होते. पंधरा दिवसांची मुदत चुकली एवढ्याने मानीव सदस्यत्व मिळत नाही. तुमच्या संस्थेने 20 एप्रिलचा निर्णय 5 मेपर्यंत कळवला नाही हा तिचा दोष खरा आणि तो अर्जात मांडावाही, पण त्यावर सारी भिस्त ठेवू नये. मानीव सदस्यत्व तीन महिन्यांच्या मौनातूनच जन्माला येते. तुमचे तीन महिने 3 जूनला संपले. पत्र 28 मे रोजी खरोखर रवाना होऊन जूनच्या पहिल्या एक-दोन दिवसांत तुम्हाला मिळाले असते, तर हा दरवाजा बंद झाला असता. ते 19 जूनला मिळाले असेल, तर तुम्ही दोन आठवड्यांहून अधिक काळ आधीच सदस्य झालेले होता आणि ज्याला सदस्य करून घ्यायला समितीने नकार दिला तो त्या वेळी सदस्यच होता.

आणि नेमका हा भाग सिद्ध करणारे पाकीट तुम्ही रद्दीत टाकले. ‘पत्र महत्त्वाचे होते, पाकिटाचे काय,’ असे तुम्ही लिहिले आहे. मागची तारीख घालून लिहिलेल्या पत्राचे पितळ उघडे पाडणारी वस्तू असते ती पाकीटच, कारण पत्रावरची तारीख लिहिणाऱ्याच्या हातात असते आणि पाकिटावरचा शिक्का टपाल खात्याच्या. अर्ज पोच न घेता दिलात, पाकीट जपले नाहीत. सुमारे पाऊण कोटीच्या व्यवहारात एवढी बेफिकिरी लोक कशी करतात हे मला इतक्या वर्षांत समजलेले नाही. भाजीवाल्याकडून सुटे पैसे मोजून घेणारी माणसे सचिवांकडून सही-शिक्का मागायला मात्र संकोचतात.

तरीही सगळे हातचे गेलेले नाही. पत्र स्पीड पोस्टाने आले असे तुम्ही म्हणता. त्याचा क्रमांक पत्राच्या कोपऱ्यात किंवा टपाल खात्याकडून आलेल्या संदेशात मिळतो का ते आजच पाहा, कारण टपालाच्या संकेतस्थळावरील नोंद कायम राहत नाही. क्रमांक सापडला तर त्या पानाची छापील प्रत काढून ठेवा आणि टपाल कार्यालयाकडे बटवड्याच्या तारखेबद्दल लेखी विचारणा करा. क्रमांक सापडला नाही, तर तुमच्या पत्रातील एक वाक्य उपयोगी पडेल. त्याच संध्याकाळी तुम्ही त्या पत्राचे छायाचित्र विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर पाठवले होते. तो संदेश पुसू नका, तो फोन बदलू नका, आणि विक्रेत्यालाही तसे सांगा. असा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते तुमचे वकील तयार करतील. अर्थात संदेशाने पत्र त्या दिवशी तुमच्याकडे होते एवढेच कळते, ते त्याआधी आलेच नव्हते असे कळत नाही. म्हणून टपालाची नोंद मिळवण्याचा प्रयत्न सोडू नका.

दुसरी बाजू अर्ज मिळाल्याची. ‘अर्ज आम्हाला मिळालाच नाही, मिळाला तो एप्रिलमध्ये’ असे संस्था म्हणेल, हे गृहीत धरा. त्याला उत्तर तुमच्या बँकेच्या खातेउताऱ्यात आहे. तुमचा 25,600 रुपयांचा धनादेश 7 मार्चला संस्थेच्या खात्यात जमा झालेला आहे. 100 रुपये प्रवेश शुल्क, 500 रुपये हस्तांतरण शुल्क आणि 25,000 रुपये अधिमूल्य (हस्तांतरणापोटी संस्था घेते ती जादा रक्कम, म्हणजे प्रीमियम) अशी ती रक्कम बरोबर जुळते, आणि हा आकडा सदस्यत्वाच्या अर्जाखेरीज दुसऱ्या कशाचाही असू शकत नाही. अगदी 7 मार्चपासून मोजले तरी मुदत 7 जूनला संपते. धनादेश वटवला म्हणजे सदस्यत्व दिले असे मात्र समजू नका. त्यातून फक्त अर्ज पोहोचल्याची तारीख दिसते, आणि तुम्हाला तेवढीच हवी आहे. अर्ज अपूर्ण होता असाही मुद्दा ते काढतील. त्रुटी कळवणारे एखादे पत्र त्यांनी दिले होते का, हे त्या वेळी विचारता येईल.

आता काय दाखल करायचे. मानीव सदस्य झालो की नाही असा वाद असेल, तर तो सर्वांना सुनावणीची संधी देऊन निबंधकांनी ठरवायचा असतो, म्हणजे प्रत्यक्षात तुमच्या वॉर्डाच्या उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जायचे. तेथे मानीव सदस्यत्व घोषित करण्याचा अर्ज करा, आणि त्याला पर्याय म्हणून कलम 23(2) खालील अपील स्वतंत्रपणे दाखल करा, म्हणजे तारखेचा मुद्दा उद्या फिरलाच तरी पायाखालची जमीन सरकणार नाही. गृहनिर्माण संस्थांसाठी 2019 मध्ये अधिनियमात 13-ब हे स्वतंत्र प्रकरण आले आहे, त्यामुळे अर्जात कलम 22 व 23 यांच्या जोडीला त्या प्रकरणातील तरतुदींचाही आधार घ्यावा. अपिलाची मुदत दोन महिन्यांची समजा आणि ती पत्र मिळाल्यापासून न मोजता पत्रावरच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे 28 जुलैच्या आत कागद दाखल झाले पाहिजेत. पत्र 19 जूनला मिळाले हा तुमचा मुद्दा बरोबर असला, तरी विलंबमाफीचा अर्ज करण्याची पाळी स्वतःवर का आणायची? गणपती झाल्यावर वकील पाहू, हा विचार सोडून द्या.

असे अपील शक्यतो तीन महिन्यांत निकालात काढावे आणि तसे न झाल्यास उशिराची कारणे नोंदवावीत, असे कायद्यात लिहिले आहे. सारा घोटाळा त्या ‘शक्यतो’ या शब्दात आहे. एका प्रकरणात संस्थेचे प्रतिनिधी सलग चार तारखांना आले नाहीत आणि प्रत्येक वेळी रोजनाम्यावर एकच ओळ लिहिली गेली. त्या काळात माझ्या अशिलाने अकरा महिने दुसरीकडे भाडे भरले. म्हणून पहिल्याच तारखेला लेखी म्हणणे, खातेउतारा, करारनामा आणि पत्र असा पूर्ण संच द्या, तोंडी युक्तिवादाची वाट पाहू नका, आणि पुढील तारीख मिळाली तर उशिराची कारणे नोंदवण्याची लेखी विनंती करा. निकाल विरुद्ध गेला तर पुनरीक्षणाचा आणि शेवटी उच्च न्यायालयाचा मार्ग आहे, पण त्याचा हिशेब आज मांडू नये.

अपिलावर वेळ आलीच, तर प्रश्न नकाराच्या कारणाचा असेल. कलम 23(1) प्रमाणे पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. तुमच्या पत्रात कारण म्हणून ठराव दाखवला आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव म्हणजे उपविधी, अर्थात संस्थेची नोंदणीकृत नियमावली, नव्हे. उपविधीत बदल करायचा तर तो कलम 13 प्रमाणे निबंधकांकडे नोंदवावा लागतो आणि नोंदणी होईपर्यंत त्याला किंमत नाही. त्यामुळे संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींची प्रमाणित प्रत हातात येईपर्यंत मी ठाम बोलणार नाही. ती विक्रेत्यामार्फत मागवा, तो अजून सदस्य आहे. त्याने टाळाटाळ केली तर उपनिबंधक कार्यालयातून मिळवा. बहुतेक संस्थांप्रमाणे तुमच्या संस्थेनेही सहकार खात्याने नमुना म्हणून दिलेले आदर्श उपविधी स्वीकारले असतील, तर त्यांत आहाराची, जातीची वा धर्माची अट नाही. हस्तांतरणासाठी संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक नाही, असेही तेच उपविधी सांगतात.

संस्थेचे वकील अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेवरील सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा निकाल पुढे करतील, याची तयारी ठेवा. त्या निकालात एका समाजापुरते मर्यादित सदस्यत्व वैध ठरले, हे खरे आहे, आणि मला तो निकाल आवडो वा न आवडो, तो आहे. पण तेथे ती अट नोंदणीकृत उपविधीतच होती आणि सदस्य ती स्वीकारून आत आले होते. मागाहून सभेत हात वर करून केलेल्या ठरावाला त्या निकालाची सावली मिळते असे मला वाटत नाही. उलट तुमच्या उपविधीतच तशी नोंदलेली अट निघाली, तर माझा सल्ला बदलेल आणि मग तारखेच्या मुद्द्याला आणखी वजन येईल.

हमीपत्र देऊ नका. 500 रुपयांच्या मुद्रांक कागदावर लिहून दिलेला तो मजकूर उद्या स्वयंपाकघरातल्या वासावरून नोटिसा काढायला वापरला जाईल, आणि मुदत संपल्यानंतर असे हमीपत्र देणे म्हणजे आपण सदस्य झालो नव्हतो हे स्वतःच्या हाताने लिहून देणे आहे. समिती ‘फक्त औपचारिकता’ म्हणून कितीही गोड बोलली तरी सही करू नका.

तुम्ही जात लिहिलेली नाही आणि मी ती विचारत नाही. मात्र आहार हा केवळ बहाणा असून खरे कारण अस्पृश्यतेचे आहे असे दाखवणारे बोलणे वा संदेश तुमच्याकडे असतील, तर नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 च्या कलम 4 प्रमाणे निवासी जागा मिळवण्यात किंवा तिथे राहण्यात त्या कारणाने आडकाठी करणे हा गुन्हा आहे. तो मार्ग पुराव्याशिवाय धरू नये. नुसत्या संशयावर केलेली तक्रार मूळ प्रकरणालाही कमकुवत करते.

ज्यांना सदनिका विकत नव्हे तर भाड्याने हवी आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी, कारण त्यांचीही पत्रे याच ढिगात आहेत. सदनिका भाड्याने देताना सदस्याने संस्थेला कळवायचे असते, आणि बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून संस्था घेते ते) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ‘बॅचलर नको’ हा सभेचा ठराव मालकाला बांधतो असे मला वाटत नाही. पण मालकानेच नाव ऐकून फोन ठेवला, तर त्याच्यावर चालवता येईल असा सरळ कायदा आपल्याकडे नाही, आणि शहरातली बहुतेक दारे प्रत्यक्षात तिथेच बंद होतात.

शेवटी तुमच्याकडे परत. देखभालीचे मासिक बिल विक्रेत्याच्या नावाने येत असले, तरी ते बँकेतूनच भरा आणि शेऱ्यात सदनिका क्रमांक लिहा. थकबाकीचे कारण त्यांच्या हाती देऊ नका. आणि येत्या काही दिवसांत संस्था 25,600 रुपयांचा परतीचा धनादेश पाठवेल असा माझा अंदाज आहे. तो आला तर वटवू नका, निषेधाच्या पत्रासह स्पीड पोस्टाने पोचपावती मागवून परत करा, आणि या वेळी पाकीट जपून ठेवा.