लसीनंतर कुत्र्याला खाज सुटली, तर पुढची लस टाळावी का?

रेबीजची लस देऊन महिना झाला, कुत्रा रात्रंदिवस खाजवतोय, केस चाललेत, घरचे म्हणतात लसीनेच झालं, आता पुढची सुई नको. आणि घरगुती उपाय काय, असं तुम्ही विचारलंय. "लसीनेच झालं" हे वाक्य मी माझ्या घरात सहा महिने ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही चोपडा तालुक्यातले, केळी आणि कपाशीवाले. शेऱ्या आमचा खळ्यावरचा गावठी कुत्रा. २०१८ साली २८ सप्टेंबरला, रेबीज दिनाला, तालुक्याला मोफत लसीकरण होतं. सासऱ्यांना आम्ही नाना म्हणतो. ते तेव्हाच म्हणाले, "कुत्राले कसाले सुई?" मी धाकट्या दिराला गाडी काढायला लावली, मागे शेऱ्याला मांडीवर धरून बसले आणि टोचून आणलं.

धनत्रयोदशीला, ५ नोव्हेंबरला, पणत्या लावताना पाहिलं तर त्याच्या कानाच्या कडा पांढरट, खरखरीत झालेल्या. कोपरांवरचे केस गेलेले. रात्री ओट्यावर त्याच्या मागच्या पायाची धडधड ऐकू यायची, थांबायचीच नाही. आणि सुरू झालं, सुनेने नेलं नसतं तर कुत्रा चांगला होता. दिवाळीला घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हेच ऐकवलं गेलं, मी चहा घेऊन समोर उभी असताना.

नानांनी ट्रॅक्टरचं जळकं ऑइल त्याच्या अंगाला चोपडलं. गावात सगळेच लावतात. पण कुत्रा अंग चाटतो, ते ऑइल पोटात जातं. शेऱ्याने दोन दिवस उलट्या केल्या, भाकरीला तोंड लावलं नाही. मग गावोगाव जनावरांना सुया देत फिरणाऱ्या एकाने इंजेक्शन दिलं. चार दिवस खाज बंद, घर खूश. पाचव्या दिवशी दुप्पट. ते स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं. त्याने खाज दबते, पण कातडीत किडे असतील तर त्यांना रान मोकळं मिळतं.

शेवटी मी त्याला जळगावला नेलं. डॉक्टरांनी औषधाला हात लावण्याआधी शेऱ्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून हळूच चोळली. त्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला. कान सोडला की पाय थांबला, धरला की सुरू. डॉक्टर म्हणाले, खरजेत असं बऱ्याचदा दिसतं. मग तेलाचा थेंब लावून कोपराची कातडी ब्लेडने जराशी रक्त येईपर्यंत खरवडली, काचेवर घेतली आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला बोलावलं. गोल, ढेरपोटा, आखूड पायांचा एक किडा हळूहळू हलत होता. मी पंधरा दिवस ज्याच्यासाठी बोलणी खाल्ली तो हा. खरजेचा किडा, सारकोप्टिस. हा सुईतून येत नाही, दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावरून येतो. लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला कधी दोन, कधी सहा आठवडे जातात. तोवर माझ्या हातावर आणि सासूबाईंच्या पोटावरही पुरळ उठलं होतं. आम्हाला दोघींना कुणी लस टोचली नव्हती.

पंधरा-पंधरा दिवसांनी तीन इंजेक्शनं झाली, त्याची पोती जाळली, ओटा धुतला. संक्रांतीपर्यंत केस आले. आमचं पुरळ तर आपोआपच गेलं, कारण कुत्र्याचा हा किडा माणसाच्या अंगावर फार काळ टिकत नाही.

आता तुमचं. घरगुती उपाय मी सांगणार नाही. हळद-तेल, दही, कडुनिंबाचा पाला, यातल्या कशानेही कातडीत बिळं करून बसलेला किडा मरेल याचा भरवसा नाही. रॉकेल, फिनाईल तर चुकूनही नको. आणि प्रत्येक खाज खरूज नसते. शेपटीच्या बुडापाशी केस जात असतील तर आधी पिसवा बघा. गोचीड असेल तर कुत्र्याबरोबर भिंतीही बघा. आमच्यासारखं जुनं धाब्याचं घर असेल तर मादी भिंतीच्या फटीत जाऊन हजारोंनी अंडी घालते, नुसतं कुत्र्याला औषध लावून काही होत नाही. खरवडून तपासल्याशिवाय औषध घेऊ नका.

लस द्यायचीच. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा, १०० तले ९९, कुत्र्याकडूनच येतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. खाजेला इलाज आहे, त्याला नाही. आमच्या डॉक्टरांनी कातडी बरी होईपर्यंत थांबवून मग पुढची लस दिली. स्टेरॉइड चालू असेल तर तसं स्पष्ट सांगा, लसीचा असर कमी पडू शकतो.

एक मात्र खरं, लसीची रिअ‍ॅक्शन येतच नाही असं नाही. पण ती बहुतेक वेळा टोचल्यापासून काही मिनिटांत ते एका दिवसात येते. तोंड सुजतं, अंगावर गाठी उठतात, उलट्या होतात, कधी कुत्रा कोसळतो. तुमच्या कुत्र्याला असं झालं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, ते बेत वेगळा आखतील. महिन्याने सुरू झालेली खाज सहसा त्यातली नसते.

आणि नानांच्या बाजूचं एक मी कधी बोलले नाही, ते इथे लिहिते. त्या दिवशी तालुक्याला पन्नासेक कुत्रे एकमेकांना चिकटून रांगेत होते. शेऱ्याला खरूज तिथल्याच एखाद्याकडून लागलेली असू शकते. आमच्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगात व्यालेल्या भटक्या कुत्रीकडूनही लागलेली असू शकते, तिची पिल्लं तेव्हा खाजवत होतीच. पण दोन्हीकडे दोष दुसऱ्या कुत्र्याच्या संगतीचा, सुईचा नाही. तेव्हापासून मी शेऱ्याला गर्दीच्या दिवशी नेत नाही, आठवडाभराने दवाखान्यात नेते, दर वर्षी. नाना आता त्याचं लसीचं कार्ड स्वतःच्या कपाटात ठेवतात, पण लसीनेच झालं होतं हे म्हणणं त्यांनी सोडलेलं नाही.

तुमचं कार्ड सोबत न्या, त्यावर तारीख असते. टोचल्याची तारीख आणि पहिल्यांदा खाजवताना पाहिलं तो दिवस, दोन्ही डॉक्टरांना सांगा. आणि नेण्याआधी अंगाला तेल, मलम काही लावू नका.