निर्वासितांसाठी काम करायचंय; मग कायदा, समाजकार्य की यूपीएससी?

या वेळचं पत्र गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यातून आलं आहे. लिहिणारी मुलगी गोंडवाना विद्यापीठात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. तिचे आजोबा पूर्व पाकिस्तानातून आले आणि १९६०च्या दशकात सरकारने त्यांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवलं. घरात बांगला बोलतात. तिला ती बोलता येते, वाचता येत नाही. शिक्षण सगळं मराठीतून. ती लिहिते: "आजोबांना कुठे राहायचंय ते कुणी विचारलंच नाही. आजही निर्वासितांबद्दलचे निर्णय दुसरेच घेतात. त्यांचं म्हणणं ऐकलं जावं यासाठी मला काम करायचंय. एमएसडब्ल्यू करू, एलएलबी करू की यूपीएससी? बाबा म्हणतात, बीएड कर आणि शिक्षक हो. आणि परदेशात शिकायला जावं का?"

प्रिय विद्यार्थिनीस,

यूपीएससीचं आधी निकालात काढते. निर्वासितांचा विषय आपल्याकडे केंद्रीय गृह मंत्रालयात हाताळला जातो. परीक्षा पास झालीस तरी नेमकी तिथेच नेमणूक होईल याची हमी कुणी देत नाही, आणि झालीच तरी बदली ठरलेली. प्रशासनाची आवड असेल तर खुशाल बस, पण या एका कारणासाठी उमेदीची चार-पाच वर्षं लावू नकोस.

तुला ज्या कामाची ओढ आहे, ते काम गेल्या काही वर्षांत बरंच बदललंय. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१८मध्ये 'ग्लोबल कॉम्पॅक्ट ऑन रेफ्युजीज' हा निर्वासितांबद्दलचा जागतिक आराखडा मंजूर केला. धोरण ठरवताना निर्वासितांना सहभागी करून घ्यावं, हे त्यात लिहिलेलं आहे. त्याच वर्षी निर्वासितांनी स्वतः जिनिव्हात परिषद भरवली आणि पुढे त्यातून 'ग्लोबल रेफ्युजी-लेड नेटवर्क' उभं राहिलं. कॅनडाने तर जागतिक निर्वासित मंचाला जाताना आपल्या सरकारी शिष्टमंडळातच निर्वासित म्हणून आलेल्या सल्लागाराला घेतलं. आपल्याकडच्या धरणग्रस्तांना यात नवल वाटणार नाही. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही मागणी कुठल्या सल्लागाराने लिहून दिलेली नव्हती, ज्यांची घरं पाण्याखाली जाणार होती त्यांच्याच आंदोलनातून ती आली.

युगांडाचं उदाहरण नीट अभ्यास. तिथे पंधरा लाखांहून अधिक निर्वासित आहेत. त्यांच्या वस्त्यांमध्ये 'रेफ्युजी वेल्फेअर कौन्सिल' निवडून येतात, आपल्या ग्रामपंचायत-पंचायत समितीसारख्या पायऱ्यापायऱ्यांनी. या कौन्सिलांतून २०१८मध्ये 'रेफ्युजी एंगेजमेंट फोरम' तयार झाला आणि त्याचे प्रतिनिधी राष्ट्रीय सुकाणू समितीत मंत्री, अधिकारी आणि देणगीदार देशांच्या शेजारी बसू लागले. दुसऱ्या देशातली पदवी ग्राह्य धरा, ही साधी वाटणारी मागणी तिथे पोचली ती या वाटेने. ज्याचं प्रमाणपत्र कपाटात पडून राहतं आणि जो विटा वाहतो, त्यालाच ती सुचते.

म्हणजे त्या बैठकीतली खुर्ची निर्वासिताची आहे. तुझी नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण तुझ्या पत्रात 'मी त्यांचा आवाज बनेन' असं वाक्य आहे. तुझ्या आजोबांनी सोसलं ते खरं, पण तू भारताची नागरिक आहेस, तुझ्याकडे मतदान ओळखपत्र आहे. दिल्लीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या अफगाण बाईकडे ते नाही. तुझ्यासाठी काम आहे आणि भरपूर आहे, पण ते वेगळं आहे: तिने सांगितलेलं अर्जात, ठरावात, याचिकेत जसंच्या तसं उतरवणं आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करणं. बैठकीची टिपणं इंग्रजीत, शब्द अधिकाऱ्यांचे, आणि प्रतिनिधीला ती आदल्या रात्री मिळाली, तर तो तिथे जाऊन नुसतीच मान डोलावणार. हे होऊ न देणारी माणसं या क्षेत्रात कमी पडतात.

विचारलंच नाही तर काय होतं, ते बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या छावण्यांमध्ये फार जवळून दिसतं. ऑगस्ट २०१७नंतर म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात आले. छावण्यांत प्रत्येक ब्लॉकवर एकेक 'माझी', म्हणजे मुकादम, नेमला गेला. धान्याच्या याद्या त्याच्या हातात, बाहेरच्यांशी बोलणार तोच, आणि त्याला लोकांनी निवडलेलं नव्हतं. पैसे उकळल्याच्या तक्रारी आल्या त्यात आश्चर्य काय! पुढे जून २०१८मध्ये म्यानमार सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांशी परतीबद्दल करार केला. ज्यांना परत पाठवायचं होतं त्यांना त्याचा मजकूर दाखवला नव्हता. १५ नोव्हेंबर २०१८ला परतीसाठी बसगाड्या उभ्या होत्या, चढलं कुणीच नाही. २२ ऑगस्ट २०१९ला ३,४५० जणांची यादी घेऊन पुन्हा तोच प्रकार झाला आणि पुन्हा गाड्या रिकाम्या. नागरिकत्वाचं काय, हा त्यांचा एकच प्रश्न होता आणि कराराने त्याचं उत्तर दिलं नव्हतं.

ओळखपत्राची गोष्टही याच काळातली. यूएनएचसीआर ही संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था आणि बांगलादेश सरकार मिळून जे स्मार्ट कार्ड देत होते, त्यावर 'रोहिंग्या' हा शब्द नव्हता, आणि गोळा केलेली माहिती म्यानमारच्या हाती जाईल अशी भीती होती. नोव्हेंबर २०१८च्या अखेरीस छावण्यांतली दुकानं बंद राहिली, स्वयंसेवक कामावर गेले नाहीत. तेव्हा बऱ्याच जणांना हा अडाणीपणा वाटला. २०२१मध्ये 'ह्यूमन राइट्स वॉच'ने जाहीर केलं की पुरेशी समजूत न देता घेतलेली माहिती बांगलादेशमार्फत म्यानमारला पोचली आहे. यूएनएचसीआरने आरोप मान्य केला नाही, संमती रीतसर घेतली होती असं म्हटलं. तू उद्या कुठल्याही संस्थेत सर्व्हेचा फॉर्म किंवा टॅब घेऊन दारात उभी राहशील, तेव्हा हे प्रकरण आठव. समोरच्याने अंगठा टेकवला म्हणजे त्याला समजलं असं नाही.

याच छावणीत मोहिब उल्ला नावाचे शिक्षक होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपडीझोपडीत जाऊन कोण मारलं गेलं, कुठल्या गावात, कधी, हे वह्यांमध्ये लिहून काढलं. मार्च २०१९मध्ये ते जिनिव्हात मानवाधिकार परिषदेसमोर बोलले. २९ सप्टेंबर २०२१ला छावणीतच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा 'त्यांना पुढे करा, बोलू द्या' हे म्हणायला सोपं आहे. बोलणाऱ्याचं संरक्षण कोण करणार, हा प्रश्न कुठल्याही कार्यक्रमाच्या आखणीत पहिला आला पाहिजे. उत्साही नवशिके फोटो काढून फेसबुकवर टाकतात. तू टाकू नकोस.

आता तुझ्या बांगलाकडे वळते. ती तुझी जमेची बाजू आहे, पण तुला वाटते तितकी सरळ नाही. रोहिंग्यांची बोली चितगावच्या बोलीला जवळची, तुमच्या घरातली वेगळी. थोडंफार कळेल, जबानी लिहून घेण्याइतकं नाही. दुसरं म्हणजे, म्यानमारचं सरकार त्यांना 'बंगाली' म्हणूनच परके ठरवत आलं. तू 'मीही बंगालीच' म्हणत आपुलकीने गेलीस, तर समोरच्याच्या कपाळावर आठी येऊ शकते. तरी आधी बांगला लिपी शीक. देवनागरी येणाऱ्याला महिनाभरात जमते. कोलकात्यातली कागदपत्रं, तिथल्या निर्वासित चळवळीचा इतिहास, सगळं तुला थेट वाचता येईल. १९५०मध्ये तिथे निर्वासितांनीच 'युनायटेड सेंट्रल रेफ्युजी कौन्सिल' काढली होती आणि वसाहती मोडायला निघालेल्या सरकारला वाटाघाटीला बसवलं होतं. तुझ्या आजोबांच्या पिढीला कुणी विचारलं नाही हे खरं, पण त्या पिढीतले सगळे गप्प बसले असंही नाही.

पदवीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: एलएलबी, तीन वर्षांची. कारण भारतात या क्षेत्राचा गाभाच कायद्याचा आहे. आपण १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. १ सप्टेंबर २०२५पासून नवा 'इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अॅक्ट' लागू झाला, त्यातही निर्वासित अशी वेगळी व्याख्या नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळांची नोंद सरकार करतं, अफगाण, म्यानमारमधले रोहिंग्या आणि चिन समाजाचे लोक, अशांची यूएनएचसीआर. आधार नाही म्हणून बँकेत खातं नाही, खातं नाही म्हणून त्यांची स्वतःची संस्था उभी करणं अवघड. उरतो राज्यघटनेचा अनुच्छेद २१, जो 'नागरिक' न म्हणता 'व्यक्ती' म्हणतो. त्याच्याच आधाराने सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांना संरक्षण दिलं. २०२१मध्ये मात्र जम्मूतल्या रोहिंग्यांच्या बाबतीत रीतसर प्रक्रियेने परत पाठवण्यास हरकत घेतली नाही. दोन्ही निकाल वाच, एकामागून एक. वाचून झाल्यावर आणखी वाचावंसं वाटलं तर एमएएच सीईटी लॉ या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भर. कंटाळा आला तर एमएसडब्ल्यू. नागपुरात मातृसेवा संघाचं आणि तिरपुडे अशी समाजकार्याची दोन जुनी महाविद्यालयं आहेत. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था (टिस) आहे, तिथली प्रवेशपद्धत अलीकडे बदलली आहे, संकेतस्थळावर पाहूनच अर्ज कर. कोलकात्याचा 'महानिर्बाण कलकत्ता रिसर्च ग्रुप' सक्तीच्या स्थलांतरावर अल्प मुदतीचे अभ्यासवर्ग घेत आला आहे, त्यावरही लक्ष ठेव.

निर्वासितांनीच चालवलेली संस्था भारतात बघायची तर चेन्नईची 'ऑफर' (OfERR) बघ. श्रीलंकेतून आलेल्या तमिळांनी १९८४मध्ये ती सुरू केली. छावणीत जन्मलेल्या मुलांचे जन्मदाखले आणि श्रीलंकेचं नागरिकत्व मिळवून देणं, यासारखी किचकट कामं त्यांनी वर्षानुवर्षं केली. २०२१मध्ये तमिळनाडू सरकारने छावण्यांचं नाव बदलून 'पुनर्वसन छावण्या' केलं, साडेसात हजारांच्या आसपास मोडकी घरं नव्याने बांधायचं ठरवलं आणि नागरिकत्व-परतीचा विचार करायला समिती नेमली. अशा घोषणेमागे कित्येक वर्षांचे अर्ज असतात. ते अर्ज लिहिणारी माणसं बातमीत येत नाहीत, आणि तुझी नोकरी बहुधा तीच असेल.

तुझ्या जवळ तर याहून सोपी जागा आहे. वडसा-गोंदिया रेल्वेमार्गावर अर्जुनी मोरगाव, आणि त्या तालुक्यात गोठणगावला नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत, १९७२पासूनची. हिवाळ्यात आपल्याकडे स्वेटर विकायला येतात ते तिबेटी तू पाहिले असशील. यांचं निर्वासित सरकार धर्मशाळेत आहे, १९६०पासून निवडून आलेलं प्रतिनिधिमंडळ आहे. भारत सरकारचं २०१४चं तिबेटी पुनर्वसन धोरण आलं, ते असं कुणीतरी अधिकृतपणे बोलणारं समोर असल्यामुळे. परवानगी घेऊन जा, वसाहतीच्या कार्यालयात बस, आणि एकच गोष्ट विचार: २०१४च्या धोरणातलं इथे काय आलं आणि काय कागदावर राहिलं? प्रकल्प म्हणून हे कुठल्याही इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रापेक्षा वजनदार ठरेल.

तुझ्या गावातही शिकायला कमी नाही. तुमचा नमःशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. तू लिहिलंस की यामुळे तुझी शिष्यवृत्ती अडली. गावातल्या एखाद्या कुटुंबाबरोबर तहसील कार्यालयात जा, अर्ज कुठल्या टेबलावर थांबतो ते बघ, तारखेसकट वहीत लिही. आणि ग्रामसभेत या विषयावर कोण बोलतं तेही बघ. बायका बोलतात का? धाकट्या सुना? निर्वासितांमध्येही सगळ्यांचं म्हणणं एक नसतं, माइक ज्याच्या हातात तोच समाज होतो.

तुझ्या बाबांच्या काळजीला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. या क्षेत्रात सुरुवातीचा पगार जिल्हा परिषदेच्या शिक्षकाइतका नसतो, करार वर्षावर्षाचे असतात. यूएनएचसीआरने २०२५मध्ये पैशाअभावी जगभरातली सुमारे ३,५०० पदं कमी करत असल्याचं जाहीर केलं, तर तिच्यावर चालणाऱ्या छोट्या संस्थांचं काय झालं असेल! शिवाय निर्वासित कार्यकर्त्याला मानधन आणि शेजारी बसणाऱ्या बाहेरच्याला पगार, हा अन्यायही तुला डोळ्यांनी बघावा लागेल. एलएलबी सुचवण्यामागे हेही आहे. प्रकल्प बंद पडला तरी गडचिरोली-चंद्रपूरच्या न्यायालयात वकिलाचं काम उरतं, वनहक्काचे दावे, जमिनीचे वाद, सगळं. बाबांना एवढं सांग. बीएड नंतरही करता येतं, तो दरवाजा बंद होत नाही.

राहिला परदेशाचा प्रश्न. ऑक्सफर्डचं रेफ्युजी स्टडीज सेंटर, टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातलं केंद्र, ही नावं तू काढली आहेस आणि ती चांगलीच आहेत. आत्ता मात्र नको. एलएलबी, मग दोन-तीन वर्षं दिल्ली किंवा चेन्नईत प्रत्यक्ष काम, मग शिष्यवृत्तीसाठी अर्ज. तोवर इंग्रजी लिहायची सवय कर: रोज एक पान, जबानी किंवा अर्जाच्या भाषेत. तुझं पत्र मराठीत छान आहे, सोबत जोडलेला इंग्रजी बायोडाटा मात्र इंटरनेटवरून उतरवलेला दिसतो. तो स्वतः लिहून पुन्हा पाठव, मी तपासून देईन.