शाळेचे जुने ग्रुप फोटो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांच्या वर्गाचा ग्रुप फोटो वर्षानुवर्षं फ्रेममध्ये आहे. आता तो काचेला चिकटला आहे. सोडवायचा कसा? (सांगली)

सोडवू नका. कृष्णधवल फोटोचं चित्र जिलेटिनच्या पातळ थरात असतं. पावसाळ्यातल्या दमट हवेने जिलेटिन मऊ होतं आणि काचेला धरून बसतं. फ्रेम तिरकी धरून बघा. ओले दिसणारे गडद, चकचकीत डाग म्हणजे चिकटलेली जागा. तिथे ब्लेड घातलं, वाफ दिली किंवा पाणी लावलं तर चेहरे काचेवर राहतात आणि हातात कोरा कागद येतो.

फ्रेम पालथी करून खिळे काढा, मागचं प्लायवूड किंवा पुठ्ठा बाजूला करा आणि काच व फोटो एकत्रच उचला. काच बाहेरून किंचित ओलसर फडक्याने पुसा. पाणी थेट काचेवर फवारलं तर ते कडेने आत जातं. मग काचेसकटच स्कॅन करा. प्रिंटरबरोबर येणाऱ्या पातळ स्कॅनरमध्ये सहसा सीआयएस सेन्सर असतो. त्याला काचेच्या जाडीपलीकडचं स्पष्ट दिसत नाही, चित्र धूसर येतं. सीसीडी सेन्सरचा जाड स्कॅनर स्टुडिओत मिळतो का ते विचारा.

भिंतीवर स्कॅनवरून काढलेली प्रत लावा. पुढे कुठलाही मूळ फोटो फ्रेम कराल तेव्हा काच आणि फोटो यांच्यामध्ये खिडकी कापलेला जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा. दोन-तीन मिलिमीटरची पोकळी पुरते. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर फ्रेम नको. मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की हवा खेळते.

प्रश्न : आजोबांच्या फोटोखाली पुठ्ठ्यावर ‘इंग्रजी पाचवी’ लिहिलं आहे, साल नाही. मुलं तर मिसरूड फुटलेली दिसतात. हा फोटो केव्हाचा? (सातारा)

‘इंग्रजी पाचवी’ म्हणजे आजची पाचवी नव्हे. त्या काळी मराठी चार इयत्ता झाल्या की इंग्रजी पहिली सुरू व्हायची आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. त्या हिशेबाने इंग्रजी पाचवी ही आजची नववी. काही मुलं मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा देऊन मग इंग्रजी शाळेत येत. त्यामुळे एकाच वर्गात वयाचं अंतर बरंच दिसतं.

साल शोधताना एक नियम पाळा : फोटोतली वस्तू ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगते. भिंतीवरच्या नकाशात महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे असतील तर फोटो मे १९६० नंतरचा. पण मुंबई इलाख्याचा नकाशा दिसला म्हणून तो १९४७ पूर्वीचाच, असं नाही. शाळेतले नकाशे फाटेपर्यंत टांगलेले असत. तिरंग्यावर अशोकचक्र असेल तर जुलै १९४७ नंतरचा.

अक्षरं जास्त भरवशाची. शाळेच्या पाटीवर ‘जिल्हा परिषद’ असेल तर १ मे १९६२ नंतरचा. त्याआधी ‘लोकल बोर्ड’ असायचं. ‘एसएससी’ लिहिलं असेल तर १९४९ किंवा नंतरचा. माध्यमिक शाळेच्या फोटोत ‘अकरावी’ म्हणजे एसएससी अकरावीला होती तेव्हाचा जुना अभ्यासक्रम. दहावीची पहिली एसएससी १९७५ साली झाली. ‘१९५६-५७’ असं जोडसाल असेल तर बहुधा १९५७ धरा. शाळा जूनमध्ये भरायची, पण निरोपाचा फोटो परीक्षेच्या तोंडावर निघायचा.

नोटा तपासायचा जांभळा दिवाही उपयोगी पडतो. अंधारात फोटोच्या कागदावर धरा. कागद निळसर पांढरा झगझगला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे आणि ते फोटोच्या कागदात साधारण १९५० नंतर आलं. म्हणजे ती प्रत नंतरची. मूळ फोटो जुना असून प्रत मागाहून काढलेली असू शकते. कागद झगझगला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

टोपी, परकर-पोलकं, उपरणं यांवरून साल ठरवू नका. खेड्यात आणि शहरात त्यांचं वेळापत्रक फार वेगळं होतं.

प्रश्न : चेहरे पुसट आहेत. मोबाइल अ‍ॅपने एकदम स्पष्ट होतात. वापरू का? (मडगाव)

मूळ म्हणून अजिबात नको. अ‍ॅपला त्या मुलाचा चेहरा ठाऊक नसतो. हजारो परक्या चेहऱ्यांवरून ते डोळे-ओठ रचून देतं. स्पष्ट दिसतो तो दुसराच कुणीतरी, आणि घरातल्या लहानांना पुढे तोच आजोबा म्हणून लक्षात राहतो.

आधी स्कॅन नीट करा. मोठ्या वर्गाच्या फोटोत एक चेहरा जेमतेम पाव इंच असतो. ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) त्याला ७५ पिक्सेल मिळतात, १२०० ला ३००. म्हणून ग्रुप फोटो १२०० वर, टिफ फाइलमध्ये आणि कृष्णधवल असला तरी रंगीत मोडवर स्कॅन करा. रंगीत स्कॅनचे लाल, हिरवा, निळा हे थर (चॅनल) फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळे बघता येतात. पिवळा डाग लाल चॅनलमध्ये जवळपास नाहीसा होतो, तर उडून तपकिरी झालेलं चित्र निळ्या चॅनलमध्ये जास्त उठून दिसतं. एकच मूल धूसर आणि शेजारचं स्वच्छ असेल तर तो बिघाड नाही. जुन्या काचेच्या प्लेटवर उजेड जास्त वेळ द्यावा लागे. तेवढ्यात ते हललं.

प्रश्न : फोटोच्या मागे नावं बॉलपेनने लिहिली तर चालेल? (पुणे)

नाही. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला वळ उमटवतो. मऊ ४बी पेन्सिलने कडेला फक्त शाळा, इयत्ता, साल लिहा. प्लास्टिकसारख्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा कागदी पाकिटावर लिहा.

नावांसाठी फोटोची ए-४ प्रत काढून प्रत्येकाला क्रमांक द्या. ‘बघणाऱ्याच्या डावीकडून’ असं स्पष्ट लिहा. त्याआधी फोटो उलटा छापलेला नाही ना ते बघा : पुरुषांच्या शर्टाचा खिसा त्यांच्या डाव्या छातीवर हवा, पुढच्या पाटीवरची अक्षरं सुलट हवीत. मग ती प्रत दोन माजी विद्यार्थ्यांना वेगवेगळी दाखवा. नावं जुळली नाहीत तर दोन्ही ठेवा, कुणी सांगितलं तेही लिहा. अडलेल्या नावांसाठी शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या नोंदी दाखवाव्यात म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज करा. तिथे जन्मतारीख, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख मिळते.

शिक्षकांची नावं पुठ्ठ्यावर बहुधा छापलेली असतात, कडेला उभ्या असलेल्या शिपायाचं क्वचितच. रजिस्टरमध्येही ते सापडणार नाही, कारण ते विद्यार्थ्यांचं. घंटा कोण द्यायचं, असं विचारा. वर्गातल्या कुणाला तरी आठवतंच.