‘समाजशास्त्र’, ‘सामाजिक शास्त्रे’ आणि ‘समाजविज्ञान’

प्रथम वर्ष कला वर्गाला शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने एक शंका विचारली आहे. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र अशा विषयांची तोंडओळख करून देणारी पुस्तिका त्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहीत आहेत. तिच्या शीर्षकात ‘समाजशास्त्रे’, ‘सामाजिक शास्त्रे’ आणि ‘समाजविज्ञान’ यांपैकी कोणता शब्द योजावा, हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, आणि या विषयांच्या अभ्यासकाला ‘सामाजिक शास्त्रज्ञ’ म्हणणे योग्य आहे का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

शीर्षकासाठी ‘सामाजिक शास्त्रे’ हाच प्रयोग योग्य आहे, आणि तो दोन सुट्या शब्दांत व अनेकवचनातच लिहावा, असे माझे मत आहे. ‘समाजशास्त्र’ हा तत्पुरुष समास आता एकाच विद्याशाखेचे विशेषनाम होऊन बसला आहे. ऑग्युस्त काँत या फ्रेंच विचारवंताने १८३९मध्ये ज्या विद्येसाठी ‘सोशिओलॉजी’ हे नाव छापील ग्रंथात रूढ केले आणि जिचा विभाग मुंबई विद्यापीठात १९१९मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला, त्या विद्येला आपण समाजशास्त्र म्हणतो. त्यामुळे ‘समाजशास्त्रे’ असे अनेकवचन केले, तर वाचकाला त्या एकाच विषयाचे अनेक पंथ असावेत असे वाटते. अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र त्यात येते हे त्याच्या ध्यानातही येत नाही. ‘सामाजिक शास्त्र’ ही मात्र विशेषण आणि नाम यांची मोकळी जोडी आहे, आणि मोकळी असल्यामुळेच ती अनेक विद्यांना कवेत घेते. विद्यार्थ्यांपुढे दोन वाक्ये ठेवून पाहावीत : ‘अर्थशास्त्र हे एक सामाजिक शास्त्र आहे’ आणि ‘अर्थशास्त्र हे एक समाजशास्त्र आहे’. पहिले वाक्य कोणालाही खटकणार नाही, दुसरे चुकीचे आहे हे व्याकरण न शिकलेल्या विद्यार्थ्यालाही जाणवेल. दहावीला इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल या विषयांना मिळून ‘सामाजिक शास्त्रे’ म्हटले जाते, तेव्हा हा शब्द त्यांच्या कानावरून गेलेला असतोच. तोच पुढे चालवावा.

पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर मात्र ‘शास्त्र’ या शब्दाआधी ‘समाज’ या शब्दाकडे लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची सूचना आहे. घरी आणि गावात विद्यार्थ्याने ऐकलेला ‘समाज’ वेगळा असतो. ‘आमच्या समाजाचा मेळावा’, ‘समाजाचे मंगल कार्यालय’, ‘स्थळ आपल्याच समाजातले आहे’ अशा वाक्यांत समाज म्हणजे जात किंवा पोटजात असते. प्रार्थना समाज (१८६७) आणि सत्यशोधक समाज (१८७३) या नावांत त्याचा अर्थ विचारपूर्वक एकत्र आलेल्या माणसांची संस्था असा आहे. त्याही मागे गेले, तर अशोकाच्या गिरनार येथील पहिल्या शिलालेखात ‘न च समाजो कतव्यो’ (समाज करू नये) अशी आज्ञा आढळते. तेथे समाज म्हणजे लोकांनी जमून केलेला उत्सव. संस्कृत काव्यशास्त्रात तर ‘सामाजिक’ म्हणजे नाटक पाहायला जमलेला रसिक प्रेक्षक. एकमेकांना न ओळखणाऱ्या, वेगवेगळ्या जातींच्या, धर्मांच्या आणि गावांच्या माणसांना संबंधांनी, नियमांनी व संस्थांनी बांधणारी एक व्यवस्था, हा आज पाठ्यपुस्तकात गृहीत धरलेला अर्थ या सगळ्या अर्थांहून नवा आहे. तो न सांगता आपण ‘समाजाचा अभ्यास’ असे म्हणतो आणि बाकांवरच्या काही मुलांच्या मनात आपापल्या जातीचे चित्र उभे राहते. एवढ्या एका शब्दावर पहिली तासिका पूर्ण खर्च झाली, तरी ती वाया गेली असे मी मानणार नाही.

आता ‘शास्त्र’ की ‘विज्ञान’? हिंदीत मनोविज्ञान, राजनीति विज्ञान, सामाजिक विज्ञान अशी नावे रुळली. मराठीने मानसशास्त्र, राज्यशास्त्र असा ‘शास्त्र’ या शब्दाचाच धागा धरला, आणि तो रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र यांनाही लावला. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला हिंदीत ‘वैज्ञानिक’ म्हणतात, आपण सहज ‘शास्त्रज्ञ’ म्हणतो. ‘शास्त्र’ हा शब्द ‘शास्’ म्हणजे आज्ञा करणे, शिकवणे या धातूपासून आला आहे. त्यामुळे त्याला विधिनिषेधाचा वास येतो, धर्मशास्त्राची आठवण होते, आणि म्हणून जे आहे त्याचा शोध घेणाऱ्या विद्येला तो शोभत नाही, असा आक्षेप घेतला जातो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो खरा आहे. पण जिवंत भाषेत शब्दाचा अर्थ धातूपेक्षा वापर ठरवतो, आणि रसायनशास्त्र या शब्दात कोणालाही विधिनिषेध ऐकू येत नाही.

‘समाजविज्ञान’ चुकीचा आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. स. मा. गर्गे यांनी संपादित केलेल्या ‘भारतीय समाजविज्ञान कोशा’च्या नावात हा शब्द सर्व सामाजिक शास्त्रांसाठी समूहवाचक म्हणून योजलेला आहे. तो जाणकारांना कळतो, एकवचनात आटोपशीर बसतो आणि त्यांच्या मनात ‘समाजशास्त्र’ या शब्दाशी त्याचा घोटाळाही तुलनेने कमी होतो. शिवाय ‘विज्ञान’ म्हणजे निसर्गाचेच ज्ञान, ही समजूतही अलीकडची आहे. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात ‘येर प्रपंचु हें विज्ञान’ असे म्हटले आहे. म्हणजे माउलींच्या मराठीत प्रपंचाच्या जाणिवेलाच विज्ञान हे नाव होते. तरीही नवख्या विद्यार्थ्यासाठी मी हा शब्द निवडणार नाही, कारण समाजशास्त्र आणि समाजविज्ञान हे शब्द शेजारी ठेवले, की ते केवळ समानार्थी आहेत असे त्याला वाटते, आणि एक विषय व विषयांचे कुटुंब हा फरक त्या नावांतून उमगत नाही. मुंबईच्या ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ या संस्थेचेही उदाहरण द्यावे. १९३६मध्ये ती समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था म्हणून सुरू झाली आणि १९४४मध्ये तिच्या नावात सामाजिक शास्त्रे आली. समाजकार्य, समाजशास्त्र आणि सामाजिक शास्त्रे या तीन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे या नावबदलावरून वर्गात चांगले समजावता येते.

प्रश्नात नसलेली एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे, कारण तोंडओळखीच्या वर्गात हा गोंधळ हमखास होतो. कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ हे आजच्या अर्थाने अर्थशास्त्राचे पुस्तक नव्हे. त्याचा मुख्य विषय राज्य मिळवणे, राखणे आणि चालवणे हा आहे. करव्यवस्था, शेती, व्यापार हे सारे त्या ओघात येते. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातही ‘दंडनीती’ (राज्यकारभाराची विद्या) या शब्दाचा अर्थ ‘अर्थशास्त्र’ असाच दिला आहे. मराठीत संपत्तीच्या विद्येला नाव शोधण्याची खटपट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चालू होती. लोकहितवादींनी १८४९मध्ये आपल्या पुस्तकाला ‘लक्ष्मीज्ञान’ हे सुंदर नाव दिले, तर पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अर्थशास्त्र’ हा शब्द वापरला आणि तोच टिकला. कौटिल्याचा ग्रंथ शामशास्त्री यांनी म्हैसूरला प्रसिद्ध केला तो १९०९मध्ये. म्हणजे जुना शब्द नव्या अर्थाने आधी रुळला आणि त्याच नावाचा जुना ग्रंथ नंतर हाती आला. पुस्तिकेत अर्थशास्त्राच्या प्रकरणाची सुरुवात कौटिल्यापासून करायची असेल, तर हा खुलासा तेथेच द्यावा.

‘सामाजिक शास्त्रज्ञ’ हा प्रयोग मला मान्य नाही. त्यात ‘सामाजिक’ हे विशेषण शास्त्राला न लागता माणसाला लागते, आणि समाजात मिसळणारा किंवा समाजाची कळकळ असणारा शास्त्रज्ञ असा अर्थ निघतो. ‘समाजशास्त्रज्ञ’ हा शब्द गोविंद सदाशिव घुर्ये यांच्यासारख्या त्या एका विषयाच्या अभ्यासकासाठी राखून ठेवावा. सर्वांसाठी मिळून शब्द हवा असेल, तर ‘समाजवैज्ञानिक’ चालेल, किंवा सरळ ‘सामाजिक शास्त्रांचे अभ्यासक’ असे लिहावे. ते लांब असले, तरी त्यात संदिग्धता नाही. विशेषणांतही हेच भान ठेवावे. दारू, हुंडा, बेकारी या ‘सामाजिक समस्या’ आहेत. लोक हुंडा का देतात आणि कायदा असूनही तो का टिकतो, हा ‘समाजशास्त्रीय प्रश्न’ आहे. पुस्तिकेतील स्वाध्यायात विद्यार्थ्यांना यांपैकी काय विचारले आहे, हे विशेषण निवडतानाच ठरते.