नेपथ्य, विंग की नेफा?

प्रश्न : मी एका जर्मन नाटकाचं भाषांतर करते आहे. रंगसूचनांमध्ये ‘कुलिसं’ हा शब्द वारंवार येतो. शब्दकोश म्हणतो, नेपथ्य. फ्रेंच शिकणारी मैत्रीण म्हणते, विंग. आणि ट्रॉम्बोन या फुंकवाद्याच्या सरकत्या नळीलाही फ्रेंचमध्ये तोच शब्द आहे. खरं काय मानू?

उत्तर : दोघंही बरोबर आहेत. मूळ फ्रेंच शब्द ‘कुलिस’. ‘कुले’ म्हणजे वाहणं, घसरत जाणं. त्यावरून कुलिस म्हणजे एखादी वस्तू जिच्यातून सरकते ती खाच. पायजम्याची नाडी ओवायला आपण नेफा शिवतो ना, त्यालाही फ्रेंचमध्ये कुलिसच म्हणतात. मला हा अर्थ सगळ्यांत आवडतो, कारण पुढचे सगळे अर्थ त्यातून उलगडतात.

युरोपातल्या जुन्या नाट्यगृहांत रंगवलेल्या उभ्या चौकटी अशाच खाचांतून आत-बाहेर सरकत. स्वीडनमधल्या ड्रॉटनिंगहोमच्या 1766च्या नाट्यगृहात ती लाकडी यंत्रणा अजून शाबूत आहे. रंगमंचाच्या पोटात माणसं चरक फिरवतात, दोर ताणले जातात आणि दोन्ही बाजूंच्या चौकटी एकदम बदलतात. पडदा न पाडता, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत राजवाड्याचं अरण्य होतं!

खाचेचं नाव चौकटीला लागलं, मग चौकटींमधल्या जागेला, जिथे नट प्रवेशाची वाट बघत उभे राहतात. फ्रेंच आणि रशियन भाषांत ही जागा, म्हणजे आपली विंग, ठळक राहिली. जर्मनने चौकटीवरचं चित्र धरलं आणि त्याचा पैस वाढवत नेला; मागे सतत चालू असलेल्या गोंगाटालाही जर्मन माणूस ‘आवाजाची कुलिसं’ म्हणतो. तुर्कीत ‘कुलिस करणं’ म्हणजे आडून सूत्रं हलवणं, पाठिंबा जमवणं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या शेअर बाजारात अधिकृत दलालांखेरीज जे व्यवहार करत, त्यांच्या बाजारालाही कुलिस हेच नाव होतं.

आता तुमच्या रंगसूचना. जर्मनमध्येही विंगेचा अर्थ पुरता गेलेला नाही, म्हणून सरसकट ‘नेपथ्य’ लिहू नका. पात्र ‘कुलिसं’मध्ये उभं असेल किंवा तिथून बोलत असेल तर विंग. ती रंगवली, उभारली, हलवली जात असेल तर देखावा किंवा नेपथ्य. क्रियापद बघा, बहुतेक ठिकाणी तेवढ्याने निकाल लागेल.