"सातत्य राहत नाही हो माझं!"

"सगळं कळतं, पण सातत्य राहत नाही." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की समोरचा माणूस "सगळं कळतं" म्हणाला की पुढचं मला आधीच ऐकू येतं. व्यायाम, वाद्य, वाचन, चित्रकला, विषय कुठलाही असो. नुसत्या याच तक्रारीसाठी समुपदेशकाकडे सहसा कुणी येत नाही. येतात ते झोपेसाठी, चिडचिडीसाठी, घरातल्या वादांसाठी. हे वाक्य तिसऱ्या-चौथ्या भेटीत, जरा ओशाळून बाहेर पडतं. म्हणून एका गृहस्थांचा अनुभव लिहिते आहे, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

वय पंचेचाळीसच्या आसपास, व्यवसाय हिशेब तपासण्याचा. रक्तातली साखर काठावर आली होती आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पक्ष्यांचे फोटो काढण्याचा जुना छंद, पण कॅमेरा कपाटात.

"मॅडम, माझ्यात इच्छाशक्तीच नाही. बूट घेतले, चाललो, सोडलं. लेन्स घेतली, फिरलो, सोडलं. मी मूळचाच धरसोड."

"या वेळी चालणं कशाने सुटलं?"

"पाऊस लागला. चार दिवस गेलो नाही. पाचव्या दिवशी वाटलं, आता काय, गेलंच."

"गेलंच म्हणजे काय गेलं?"

"एकवीस दिवस सलग केलं की सवय लागते ना? माझे सतरा-अठरा झाले होते. परत एकपासून कोण मोजणार?"

या एकवीस दिवसांनी किती लोकांना हताश केलंय, त्याचा हिशेबच नाही. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये लिहून ठेवलं की चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस तरी लागतात. त्यातलं 'किमान' वाटेत गळून पडलं आणि उरलेल्याचा नियम झाला. पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक, म्हणजे बरोबर मधला आकडा, 66 निघाला, आणि माणसामाणसांतला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंतचा. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाचं निरीक्षण वेगळंच आहे: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. ते सभ्यपणे हसले. आकड्यांत आयुष्य गेलेला माणूस दुसऱ्याच्या आकड्यांनी असा पटकन हलत नाही.

अशा वेळी मी आधी एक तपासून घेते. सुटलेली गोष्ट फक्त सुटली आहे, की तिच्यातली गोडीच गेली आहे? आवडीच्या कशातच मन लागत नाही, झोप-भूक बिघडली आहे, उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकून आहे, असं असेल तर प्रश्न सातत्याचा नसतो. तिथे मनोविकारतज्ज्ञांकडे जायला हवं. शिस्तीवर व्याख्यान देणं म्हणजे आजारी माणसाला रागावणं. या गृहस्थांचं तसं नव्हतं. पक्ष्यांचा विषय काढला की ते खुर्चीत पुढे सरकत.

"पुढच्या वेळी फोटो घेऊन या," मी म्हटलं. "तारखेच्या क्रमाने. निवडलेले नकोत, सगळे."

"सगळे? बहुतेक फालतू आहेत."

"फालतूसुद्धा."

लॅपटॉप उघडला. सुरुवातीला एक बगळा होता, काळपट पाण्यात उभा. पाणी सुरेख आलं होतं आणि बगळ्याच्या जागी पांढरा डाग. पीस नाही, कडा नाही. त्यांनीच कारण सांगितलं: सभोवती अंधार जास्त असला की कॅमेरा सगळंच उजळवू पाहतो आणि पांढरा पक्षी जळून जातो. पुढे फोटोंच्या तारखांत मोठी उडी होती, काही महिन्यांची. उडीच्या पलीकडे पुन्हा बगळा. या वेळी एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) मुद्दाम कमी केलेलं, पाणी जवळजवळ काळं, आणि पाठीवरची बारीक पिसं एकेक मोजता यावीत अशी.

"मधल्या काळात काढलेले फोटो कुठे आहेत?"

"काढलेच नाहीत. सोडलं होतं ना."

"मग हे कुठे शिकलात?"

ते गप्प झाले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. मी सांगितलं नव्हतं, धंद्याची सवय. एका कागदावर ते तारखा उतरवू लागले: इथे थांबलो, इथे परत सुरू, इथे थांबलो, इथे परत. वर्षांमागून वर्षं खाली उतरत गेली. बराच वेळ गेला. मी एक शब्द बोलले नाही, आणि अशा वेळी न बोलणं हे बोलण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

"यात 'सोडलं' कुठे दिसतं?" शेवटी मी विचारलं.

त्यांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. "सोडलेलं दिसत नाही," ते सावकाश म्हणाले. "दर वेळी परत आलेला दिसतो."

हा क्षण मी फार जपते. धरसोड म्हणून स्वतःला हिणवणाऱ्या माणसाने स्वतःच्याच नोंदींवरून, स्वतःच्याच हाताने तो शिक्का पुसला होता. मी कितीही समजावलं असतं तरी तो माझ्या तोंडून पुसला गेला नसता.

मग प्रश्न बदलला. खंड का पडतो, हे विचारण्यात मला फारसा रस नाही. पाऊस पडतो, ताप येतो, कामं वाढतात, पाहुणे येतात. चार दिवसांचा खंड चार महिन्यांचा का होतो, तिथे खरी गोम आहे. त्यांचं उत्तर तयार होतं: "परत जायचं तर पहाटे पाचला, पाणवठ्यावर, दोन तास. झालेली भरपाई करायला नको?" वाचनालयाचं पुस्तक मुदत उलटून गेली की दंडाच्या धास्तीने आपण ते आणखी ठेवून घेतो, तसलाच हा प्रकार. परतीचा दंड त्यांनी स्वतःच वाढवत नेला होता.

तो दंड रद्द केला. परतीच्या दिवशी फक्त दहा मिनिटं, जास्त चालायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना सल्ला निदान सलग दहा मिनिटं व्यायाम करा असा होता. 2020 च्या शिफारशींत ती अटही गेली. प्रौढांनी आठवड्यात मध्यम जोराच्या हालचालीची 150 ते 300 मिनिटं भरावीत, आणि थोडकी हालचालही काहीच नसण्यापेक्षा बरी. हिशेब आठवड्याचा असला की चुकलेला मंगळवार शनिवारपर्यंत खुपत राहत नाही. फोटोंसाठी पाणवठा नको, गॅलरीतली एक कुंडी, हातात फोन. पहिल्याच आठवड्यात त्यांना कोवळ्या शेंड्यावर मावा ही रस शोषणारी कीड सापडली आणि तिच्यावर मुंग्या. मुंगी मिशांनी माव्याला हलके थोपटते, तो गोड थेंब सोडतो, ती पिते. तो थेंब फोनच्या कॅमेऱ्यात पकडायला ते किती वाकले असतील, ते त्यांच्या कमरेलाच ठाऊक.

पण कळलं म्हणजे वळलं, असं मी मानत नाही. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करणारी. एलिस तरुणपणी स्त्रियांशी बोलायला घाबरायचा, म्हणून एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात महिनाभरात शंभरेक अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम जाऊन बोलला. भेटीला होकार एकीचा, तीही आली नाही. पण भीती गेली. म्हणून मी या गृहस्थांना म्हटलं, "आता तीन दिवस मुद्दाम चालायला जाऊ नका. चौथ्या दिवशी जा."

"मुद्दाम खंड पाडू? आत्ता कुठे जमतंय!"

"म्हणूनच. तुम्हाला चालण्याचा सराव आहे. परतण्याचा कमी पडतो."

ते नाराज होऊन गेले. पाचव्या दिवशी निरोप आला: काल गेलो, दहा मिनिटं, काही विशेष वाटलं नाही. काही विशेष न वाटणं हेच मला हवं होतं. ही युक्ती माझ्याकडे बऱ्याच जणांना लागू पडली आहे. मात्र मधुमेहाचं औषध चालू असेल तर व्यायामातला असा मुद्दाम बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

एक अडचण नंतर निघाली. कॅमेरा घेऊन फिरणं आणि व्यायामाचं चालणं एक नव्हे. दर झाडाशी थांबणाऱ्याचा दम कशाला वाढेल? बोलता येतं पण गाता येत नाही, इतपत वेग हवा. म्हणून आठवड्यातले काही दिवस कॅमेरा घरी ठेवायचं ठरलं. पहिल्याच दिवशी तारेवर, अगदी हाताच्या अंतरावर, खंड्या बसलेला दिसला म्हणे. फोन करून ते माझ्यावरच चिडले.