औषध तुटलं की बाळ किरकिरतं: 'विथड्रॉवल'ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेतल्या एका रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागात नर्स असलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आमच्याकडे एक मराठी कुटुंब होतं. पाठीच्या जुन्या दुखण्यासाठी आईला गरोदरपणातही डॉक्टरांच्या देखरेखीखाली ओपिऑइड गटातलं, म्हणजे मॉर्फिनसारखं दुखणं थांबवणारं, औषध चालू होतं. जन्माच्या दुसऱ्या दिवशी बाळाला विथड्रॉवलचा, म्हणजे सवयीचं औषध एकाएकी बंद झाल्याचा, त्रास सुरू झाला. लेकीच्या बाळंतपणासाठी देशातून आलेल्या आजींना मी मराठीत समजावून सांगायला गेले आणि तोंडातून निघालं, 'बाळाचं व्यसन सुटतंय, त्याचा त्रास होतोय.' आजी मटकन खाली बसल्या. मी काय म्हणायला हवं होतं? आणि अशा बाळांना सांभाळायच्या आमच्या 'ईट, स्लीप, कन्सोल' या पद्धतीला मराठीत काय म्हणू?"

ताई, आजी बसणारच. 'व्यसन' हा शब्द मराठीत माणसाच्या चारित्र्यावर बोट ठेवतो. व्यसन 'लावून घ्यावं' लागतं, त्याच्या 'आहारी जावं' लागतं, 'व्यसनाधीन' व्हायचं तर आधी स्वाधीन असावं लागतं. दोन दिवसांच्या जिवाकडून यातलं काहीच घडलेलं नसतं. गंमत अशी की संस्कृतात 'व्यसन' म्हणजे मुळात संकट, आपत्ती. त्या जुन्या अर्थानं बाळावर व्यसन आलंय हे अगदी खरं. पण आजीला मराठी ऐकू येणार, संस्कृत नव्हे.

इंग्रजीतही हे भांडण होऊन गेलंय. तिकडच्या बातम्यांमध्ये 'ॲडिक्टेड बेबी' सर्रास छापलं जायचं. २०१३ मध्ये डॉक्टर आणि संशोधकांनी माध्यमांना जाहीर पत्र लिहून हा शब्दप्रयोग थांबवायला सांगितलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दुष्परिणाम दिसत असूनही माणूस एखाद्या पदार्थामागे धावत राहतो, ते व्यसन. बाळाच्या शरीराला फक्त त्या औषधाची सवय झालेली असते. या दुसऱ्या गोष्टीला शास्त्रीय मराठीत 'शारीरिक अवलंबित्व' म्हणतात. मला तो शब्द सहकारी बँकेच्या अर्जातला वाटतो. आपल्याकडे त्याहून नेमका शब्द पडून आहे: अंगवळणी पडणं. नऊ महिने नाळेतून औषध पोचत होतं, ते बाळाच्या अंगवळणी पडलं. यात ना इच्छा आली, ना दोष.

आता 'विथड्रॉवल'. यंत्रानं केलेल्या भाषांतरात 'पैसे काढण्याची लक्षणे' असं वाचून मी एकदा चहा सांडलेला आहे. माणसांनी केलेली भाषांतरंही फार पुढे जात नाहीत. 'माघार' म्हटलं की बाळानं निवडणुकीतला अर्ज मागे घेतल्यासारखं वाटतं. 'प्रत्याहार' योगाच्या वर्गात ठीक. बाळाच्या या त्रासाचं तुमच्या विभागातलं जुनं नाव, 'निओनेटल ॲबस्टिनन्स सिंड्रोम', त्याचं कुणी 'नवजात संयम लक्षणसमूह' केलं तर बाळ एकादशी करतंय असं वाटायचं. (ते इंग्रजी नावही काही शहाणपणाचं नाही. हल्ली 'निओनेटल ओपिऑइड विथड्रॉवल सिंड्रोम' जास्त चालतं ते बरंच आहे, निदान कशामुळे झालं ते तरी कळतं.)

बोलीत काय आहे? 'तलफ' आहे, हिंदीवाले 'तलब' म्हणतात ती. पण तलफ यायला काय हवंय ते ठाऊक असावं लागतं. तंबाखूवाला खिसे चाचपतो ती तलफ. बाळाला काय गेलंय हेच माहीत नाही. मुंबईत गर्द ओढणाऱ्यांच्या बोलीत 'टर्की' हा शब्द होता, इंग्रजी 'कोल्ड टर्की'मधून आलेला. 'टर्की लागली' म्हणजे माल न मिळाल्यानं अंग मोडून आलं. शब्द मोठा जिवंत, पण आजीसमोर तो उच्चारूही नका. 'उतार' शब्द तर दगा देतो. नशा उतरते हे खरं, पण 'उतार पडला' म्हणजे बरं वाटू लागलं, आणि 'विषावर उतार' म्हणजे चक्क औषध. "बाळाला उतार पडतोय" म्हणालात तर आजी पेढे वाटायला निघतील.

माझं मत 'तुटणं' या क्रियापदाला आहे. आपण मूल दीड-दोन वर्षांचं झालं की काय म्हणतो? "अंगावरचं तोडलं." आणि लगेच पुढचं वाक्य येतंच: "दूध तोडलंय ना, म्हणून चार दिवस किरकिर करतंय." हे वाक्य आजींनी स्वतः दहा वेळा म्हटलेलं असणार. अंगवळणी पडलेली गोष्ट एकाएकी मिळेनाशी झाली की जीव कासावीस होतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको. मग म्हणा: "आईचं औषध नाळेतून बाळालाही मिळत होतं. नाळ कापली तसं ते एकदम तुटलं. ते तुटल्याचा त्रास होतोय." विथड्रॉवल म्हणजे 'औषध तुटल्याचा त्रास'. एका शब्दात बसत नाही म्हणून पारिभाषिक समितीवाले नाक मुरडतील, मुरडू देत.

यावर आजींचा पुढचा प्रश्न ठरलेला: मग आधीच का नाही बंद केलं? त्याचंही उत्तर याच शब्दात आहे. गरोदरपणात असं औषध एकाएकी तोडणं धोक्याचं असतं, म्हणून ते देखरेखीखाली चालू ठेवतात.

'ओपिऑइड'ला 'अफूजन्य' म्हणू नका. मॉर्फिन अफूतून निघतं, पण मेथाडोन आणि फेंटानिल कारखान्यात घडवलेली, त्यांनी अफूचं बोंड पाहिलेलंही नाही. 'अफूच्या गटातली औषधं' चालेल. तसे 'ओपिऑइड' आणि 'अफू' एकाच घरचे. ग्रीक 'ओपिऑन'चं अरबीत 'अफयून' झालं, ते आपल्याकडे 'अफू' होऊन आलं, आणि पंडितांनी त्याचं 'अहिफेन', म्हणजे सापाचा फेस, असं नामकरण करून टाकलं. तरी आजीसमोर 'अफू'सुद्धा जपून वापरा, कारण मराठी घरांना तो शब्द बाळासंदर्भात नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत पाळीवर जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफू घातलेली बाळगोळी देऊन निजवून जात, ही इंग्रज अमदानीत नोंदलेली गोष्ट आहे. तिथे पोर गप्प राहावं म्हणून अफू होती, इथे औषध थांबलं म्हणून पोर रडतंय. आजींच्या डोक्यात दोन्हींची गाठ पडायला वेळ लागणार नाही. नुसतं 'दुखण्यावरचं जोरकस औषध' म्हटलं तरी भागतं.

लक्षणांच्या बाबतीत मात्र आपली भाषा श्रीमंत आहे, तिथे इंग्रजीचं बोट धरूच नका. तुमच्या तक्त्यात 'हाय-पिच्ड क्राय' असेल, त्याला 'उच्च स्वरातील रुदन' कशाला? टिपेचं रडणं म्हणा. भुकेचं रडणं, झोपेची किरकिर, पोटात कळ आल्याचा टाहो, हे आजीला बंद दाराआडून ओळखता येतं. "नेहमीचं नाही, टिपेला जाणारं, चिरकं रडतंय" म्हटलं की ती मान हलवेल. अंग ताठ करतं, हात लावला की दचकतं, शिंका आणि जांभया थांबत नाहीत, नाक चोंदतं, शी पातळ होऊन बूड सोलवटतं. सारखं चोखायला बघतं, पण धड लुचत नाही. एकच काळजी घ्या: 'ट्रेमर'ला 'झटके' म्हणू नका. ती थरथर. झटके म्हणजे आकडी, आणि ती वेगळी, क्वचित येणारी, पण गंभीर गोष्ट आहे. एका शब्दानं घरचे विनाकारण घाबरतील, किंवा उलट, खरी आकडी आली तर "हे तर रोजचंच" म्हणून दुर्लक्ष करतील.

आता तुमचं 'ईट, स्लीप, कन्सोल'. वाचकांसाठी थोडं सांगतो. १९७५ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉ. लोरेटा फिनेगन यांनी अशा बाळांच्या लक्षणांचा तक्ता केला. दर तीन-चार तासांनी बाळ बघायचं, प्रत्येक लक्षणाला आकडा द्यायचा, बेरीज वाढली की मॉर्फिनचे थेंब सुरू करायचे आणि मग ते बेताबेतानं कमी करत न्यायचे. पुढे येल विद्यापीठाच्या न्यू हेवनमधल्या बालरुग्णालयात डॉ. मॅथ्यू ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीनच गोष्टी विचारायला सुरुवात केली. बाळ एका वेळी औंसभर, म्हणजे साधारण ३० मिली दूध घेतं का? सलग तासभर झोपतं का? रडायला लागलं तर दहा मिनिटांत शांत होतं का? ही तिन्ही जमत असतील तर औषधाची घाई नाही. नसतील तर आधी दिवे मंद करा, आवाज कमी करा, दुपट्यात गुंडाळा, आईच्या उघड्या छातीशी द्या. त्यानंही भागलं नाही तर मॉर्फिन आहेच. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या २६ रुग्णालयांमधल्या १,३०५ बाळांची चाचणी प्रसिद्ध झाली. जुन्या पद्धतीत बाळ घरी जाण्याजोगं व्हायला सरासरी १४.९ दिवस लागत होते, या पद्धतीत ८.२. औषध द्यावं लागलेल्यांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांवर आलं.

याचं मराठी 'खाणे, झोपणे, सांत्वन' असं केलेलं मी एका पत्रकात पाहिलं. तान्हं बाळ खात नाही हो, पितं. आणि सांत्वन करायला आपण गेलेल्याच्या घरी जातो! 'कन्सोल'ला दुसरा शब्द शोधायची गरजच नाही, तो प्रत्येक मराठी बाळाच्या कानावर सगळ्यात आधी पडतो: उगी. "उगी, उगी, कोण बोललं माझ्या सोन्याला." मूल उगी राहतं, उगी होतं. तर तुमची त्रिसूत्री झाली: पिणं, निजणं, उगी होणं. आजीला विचारताना आणखी सोपं करा: "पोटभर प्यायलं का? तासभर निजलं का? घेतल्यावर उगी होतं का?"

शेवटचा प्रश्न कामच सांगतो, कारण उगी करायची क्रियापदं म्हणजे आजीचं राज्य. घेणं, थोपटणं, जोजवणं, झुलवणं, दुपट्यात बांधणं. तुमच्या पत्रकात 'औषधाविना उपचार' असा मथळा असेल तर आजी तो डॉक्टरांचा विषय समजून बाजूला बसेल. त्या जागी "मंद उजेडात मांडीवर घेऊन थोपटा" लिहा, ती उठून हात धुऊन येईल. फक्त एक सांगायला हवं: जोरजोरात हलवून, मोठ्यानं गाऊन आणि चार नातेवाइकांत फिरवून हे बाळ उगी होत नाही, उलट बिथरतं. एका वेळी एकच काहीतरी, आणि हळू.

तुम्ही जाता जाता विचारलंय की फिनेगनच्या 'स्कोअर'ला 'गुण' म्हणावं का. अजिबात नको. त्या तक्त्यात आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त, आणि मराठी घरात जास्त गुण म्हणजे मूल हुशार. शिवाय 'औषधाचा गुण आला' म्हणजे बरं वाटलं. "काल आठ गुण होते, आज बारा आले" हे ऐकून आजी नातवाचा मुका घेतील आणि गावी फोन लावतील. 'स्कोअर'च ठेवा. क्रिकेटमुळे तो शब्द आजींना पाठ आहे, फक्त इथे तो कमी झालेला चांगला, एवढं आधी सांगून टाका.